बाप मारला, सोंगाड्या ठेवला

२२ सप्टेंबर १९७६. अमेरिकेत सीबीएस कंपनीच्या टीव्हीवर 'गुड टाइम्स' मालिकेच्या चौथ्या हंगामाचा पहिला भाग. शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहणारं एक काळं कुटुंब सामानसुमान बांधून बसलंय. बाप जेम्स एव्हान्स पुढं गेलाय, मिसिसिपीत. तिथं त्याला एका गॅरेजात भागीदारी मिळालीय. म्हंजे आता सुटका. भाड्याची मारामार संपली, घराबाहेर काढण्याच्या नोटिसा संपल्या. शेजारीपाजारी निरोप द्यायला जमलेत, खाणंपिणं चाललंय. आणि तार येते. मोटार अपघातात जेम्स ठार.

त्याच्या पुढच्या भागात बायको, फ्लोरिडा, मयतीनंतर घरी आलेल्या लोकांचं हसून करत राहते. पोरं घाबरतात, आई रडत का नाही म्हणून. सगळे गेल्यावर ती हातातलं काचेचं भांडं जमिनीवर आपटते आणि एकच शिवी तीनदा ओरडते. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत एवढं खरं रडणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण दोस्तांनो, जेम्स एव्हान्सला मोटारीनं मारलं नाही. कंपनीनं मारलं. त्याचं काम करणाऱ्या नटाला, जॉन एमॉसला, कामावरून काढून टाकलं होतं. कारण? तो लिहिणाऱ्यांशी भांडायचा. कागद हातात आला की म्हणायचा, असं कुठला काळा बाप बोलत नाही, असं कुठल्या काळ्या घरात घडत नाही. गिरणीत जो माणूस साहेबाला 'हे मशीन असं चालत नाही' म्हणून सांगतो त्याला काय म्हणतात तुम्हाला माहीतच आहे. एमॉसलाही तेच म्हटलं गेलं. कामात खोडा घालणारा.

हा जॉन एमॉस २१ ऑगस्ट २०२४ ला वारला. बातमी बाहेर आली १ ऑक्टोबरला. वय ८४. बातमीत लिहिलं होतं, 'रूट्स'मधला कुंटा किंटे गेला. मी 'रूट्स'बद्दल ऐकून होतो, आपल्याकडं ज्याला थोडं वाचायचा नाद आहे त्यानं ऐकलेलंच असतं. म्हणून शोधत गेलो. तिसरी पाळी करून आल्यावर झोप लागत नाही, रिंग खात्याचा आवाज कानात दोन तास तरी फिरत राहतो, त्या वेळात मोबाईलवर एकेक भाग बघत गेलो. खाली इंग्रजी अक्षरं यायची ती थांबवून थांबवून वाचली. समीक्षा करायला माझ्याकडं एवढंच भांडवल आहे.

जन्म न्यूअर्क शहरात, २७ डिसेंबर १९३९. वाढला शेजारच्या ईस्ट ऑरेंजमध्ये. बाप मोटार मेकॅनिक. (मेकॅनिकच्या पोराला मालिकेत गॅरेजाचं काम मिळालं आणि त्याच भागात तो मेला. योगायोग असेल, पण मला टोचला.) अंगानं दणकट, मुठी खेळायचा, फुटबॉल खेळायचा. तिकडचा फुटबॉल म्हंजे अंगावर धावून जाण्याचा खेळ. कोलोराडोच्या विद्यापीठात शिकला ते समाजशास्त्र. मग न्यूयॉर्कमध्ये कच्च्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी. म्हंजे ज्या माणसानं पुढं टीव्हीवर गरीब काळा बाप उभा केला त्यानं तुरुंगाच्या दारात असे बाप आणि असे पोरगे आधी बघितलेले होते. स्टुडिओतल्या लिहिणाऱ्यांनी बघितले होते का?

खेळात त्याचं जमलं नाही. १९६४ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज संघानं घेतला आणि मांडीची शीर दुखावल्यावर लगेच सोडून दिला. मग छोट्या छोट्या संघांतून भटकत राहिला. १९६७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सच्या सरावात पोचला, तिथले मुख्य शिक्षक हँक स्ट्रॅम. त्यांनी त्याला समजावलं की बाबा रे, तू खेळाडू नाहीस, खेळाडू व्हायचा प्रयत्न करणारा माणूस आहेस. एमॉसनं काढून टाकलं जाण्यावरच कविता लिहिली होती. स्ट्रॅमनं त्याला ती सगळ्या संघासमोर वाचू दिली. त्या राक्षसासारख्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एमॉसला त्या दिवशी कळलं की आपलं काम कुठलं. हे तो स्वतः मुलाखतींत सांगायचा. मला हा प्रसंग फार आवडतो. कामावरून काढल्यावर माणूस दारू पिऊ शकतो, दगड मारू शकतो, पण हा बसून कविता लिहितो आणि काढणाऱ्याच्या तोंडावर वाचतो. आपल्यातले निम्मे कवी असेच झालेत.

त्यानंतर जाहिरातीची वाक्यं लिहिली, हॉटेलांतून विनोद सांगितले, १९६९ मध्ये लेस्ली उगम्स या काळ्या गायिकेच्या टीव्ही कार्यक्रमात लेखक म्हणून लागला. १९७० पासून 'मेरी टायलर मूर शो'मध्ये हवामानाच्या बातम्या देणारा गॉर्डी. त्यात एक गंमत पुन्हा पुन्हा यायची. नवा माणूस ऑफिसात आला की हा धिप्पाड काळा गडी बघून धरूनच चालायचा की हा खेळाच्या बातम्या देत असणार. हवामान म्हंजे डोक्याचं काम, ते काळ्याकडं कसं असेल? हसायचं ते कोणावर, तर त्या नव्या माणसावर. हा विनोद ध्यानात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

१९७३ मध्ये 'मॉड' मालिकेत फ्लोरिडा नावाच्या मोलकरणीचा नवरा. फ्लोरिडा म्हंजे एस्थर रोल. फ्लोरिडा राज्यातल्या बहामी कुटुंबात १८ भावंडांत वाढलेली, रंगभूमीवर मुरलेली बाई. ती टीव्हीवर मोलकरीण झाली पण 'जी बाईसाहेब' करणारी मोलकरीण झाली नाही. मालकिणीला उलट बोलायची. लोकांना ती इतकी आवडली की निर्माता नॉर्मन लीअर यानं तिच्या घराचीच वेगळी मालिका काढायची ठरवली. लीअर हा त्या काळातला अमेरिकी टीव्हीवरचा मोठा माणूस, पुरोगामी, गोरा, ज्यू. मालिकेचे मूळ जनक मात्र दोन काळे तरुण होते, माइक एव्हान्स आणि एरिक मॉन्टी. मॉन्टी शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत वाढलेला. मालिकेच्या सुरुवातीला दिसतात त्या उंच इमारती कॅब्रिनी-ग्रीनच्याच. (१९९५ पासून त्या पाडायला घेतल्या, शेवटची २०११ मध्ये पाडली.)

आता गंमत बघा. 'मॉड'मध्ये फ्लोरिडाचा नवरा हेन्री नावाचा, न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात. म्हंजे पक्की नोकरी, पेन्शन. नव्या मालिकेत बायको तीच, नट तोच, पण नाव जेम्स, गाव शिकागो, आणि शिक्षण जेमतेम सहावी, नोकरीचा पत्ता नाही. आणि हा जेम्ससुद्धा सहज मिळालेला नाही. लीअरच्या लोकांच्या पहिल्या कल्पनेत घरात बापच नव्हता. एकटी आई आणि तीन पोरं. एस्थर रोल म्हणाली, नवरा नसेल तर मी काम करणार नाही. तेव्हा कुठं बाप आला.

ह्यावर आपल्यातले काही शहाणे म्हणतील, एका नवऱ्यासाठी एवढं काय? तर ह्याच्या मागं इतिहास आहे. गुलामीच्या काळात काळ्यांचं लग्न कायद्यानं लग्नच नव्हतं. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, पोर बाजारात. नंतर १९६५ मध्ये मॉयनिहन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचा अहवाल आला. त्यात काळ्यांच्या दुरवस्थेच्या मुळाशी काय, तर त्यांचं मोडकं कुटुंब, बाईच्या जोरावर चालणारं घर. म्हंजे ज्यांनी घर मोडलं त्यांच्याच सरकारनं वर अहवाल लिहिला की तुमचं घर मोडकं आहे. आणि तेच सरकार मदत देताना काय करायचं? पोरांसाठी मदत घेणाऱ्या बाईच्या घरात पुरुष सापडला की मदत बंद. अलाबामातला असा नियम सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये रद्द केला. तोवर कित्येक बाप पोरांच्या पोटासाठी घर सोडून गेले असतील. एस्थर रोलनं मागितला तो नुसता नवरा नव्हता. अहवालाला दिलेलं उत्तर होतं ते.

८ फेब्रुवारी १९७४ ला मालिका सुरू झाली. पहिले दोन हंगाम मी जीव लावून पाहिले. पहिल्याच भागात जेम्सला एका कामाच्या शिकाऊ योजनेत जागा मिळायची असते, घरात सण होतो, आणि तो परत येतो तो हात हलवत. वय जास्त झालं म्हणून नाकारला. तो दारातून आत येतो तेव्हा एमॉस काय करतो बघा. काहीच करत नाही. खांदे पाडत नाही, डोळ्यात पाणी आणत नाही. पोरांच्या देखत अंग ताठ ठेवतो, आणि ते ताठ ठेवायला किती जोर लागतोय ते फक्त त्याच्या मानेत दिसतं. माझा बाप मार्केट यार्डात हमाली करायचा. हप्ता न मिळालेल्या दिवशी तो दारातून अस्साच यायचा. शिकागो कुठं आणि आमची गल्ली कुठं, पण ती मान मी ओळखली.

दुसऱ्या एका भागात थोरला पोरगा जे. जे. चित्र काढतो, काळ्या येशूचं. आणि येशूसाठी नमुना म्हणून बसवतो गल्लीतल्या बेवड्याला. धाकटा मायकल ते चित्र घरातल्या गोऱ्या येशूच्या जागी टांगतो. आई भडकते, कारण तिच्या आईपासून घरात गोराच येशू. बाप बघतो की चित्र लावल्यापासून घरात बरकत यायला लागली, मग तो काळ्या येशूच्या बाजूचा. हसत हसत केवढी मोठी गोष्ट केली! देवाचा रंग कोणी ठरवला हा सवाल चार भिंतीत, जेवणाच्या टेबलावर आणला. कुठं भाषण नाही. मायकल तर पोरगं असून शाळेत सांगतो की जॉर्ज वॉशिंग्टन गुलाम पाळणारा होता, आणि शाळेतून निलंबित होतो. बुद्धिमापन चाचणी गोऱ्यांच्या घरातल्या गोष्टींवर बेतलीय म्हणून अर्ध्यातून उठून येतो. जेम्सचं रक्तदाब वाढणं, काळ्या पुरुषांत हा रोग किती आहे, ह्यावर अख्खा भाग आहे. १९७४ मध्ये!

मग बिघडलं काय? हसू.

जे. जे. चं काम करणारा जिमी वॉकर हा स्टेजवर विनोद सांगणारा, काडीसारखा उंच, नाचरा. त्याच्या तोंडी एक शब्द आला, 'डायनामाइट'. डोळे वटारून, दात काढून, तुकडे पाडून म्हणायचा. मालिका प्रेक्षक समोर बसवून टिपली जायची. प्रेक्षक खदखदले. मग दर भागात एकदा तो शब्द पाहिजेच. जिथं हशा तिथं लिहिणाऱ्यांची लेखणी जाते, जशी जिथं भाव तिथं दलाल जातो. जे. जे. ची टोपी, जे. जे. चं चालणं, जे. जे. ची थाप. हळूहळू मायकल आणि त्याची बहीण थेल्मा कोपऱ्यात गेली. त्या पोरीला डॉक्टर व्हायचं होतं, पोराला सुप्रीम कोर्टात जायचं होतं. एमॉस हेच बोंबलून सांगत होता, की तीन पोरं आहेत ना घरात, मग दोन पोरांच्या स्वप्नात तुम्हाला विनोद सापडत नाही का? फक्त कोंबडीसारखी टोपी घालून थोरला आत आला म्हंजेच विनोद? एस्थर रोलनं १९७५ मध्ये 'एबनी' मासिकात उघड बोलून टाकलं, की अठरा वर्षांचा पोरगा, कामधंदा नाही, विचार नाही, आणि त्याला आमच्या पोरांपुढं नमुना म्हणून ठेवलाय.

आणि ह्यात फक्त गोरे नव्हते हेही लिहिलं पाहिजे. जे. जे. ची बोलकी बाहुली बाजारात आली. बनवली शिंडाना कंपनीनं. ही काळ्यांची कंपनी, १९६५ च्या वॉट्सच्या दंगलीनंतर त्याच लॉस एंजेलिसच्या वस्तीत उभी राहिलेली, काळ्या पोरींना काळी बाहुली मिळावी म्हणून काढलेली. तिनंही जे. जे. विकला. मायकलची बाहुली केली असती तर खपली असती का, कोण जाणे.

जिमी वॉकरला मात्र मी शिव्या देणार नाही. एमॉसपेक्षा तो साडेसात वर्षांनीच लहान, आणि पडद्यावर त्याचा पोरगा. त्याचं म्हणणं सरळ होतं, मी विनोदी नट आहे, माझं काम हसवणं. सोंगाड्याला सोंगाड्या म्हणून दोष देता येत नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्याही हसवत हसवत पाटलाची टोपी उडवतो. प्रश्न तो कोणाची टोपी उडवतो हा आहे. गॉर्डीच्या त्या विनोदात हसू बाहेरून येणाऱ्या अडाण्यावर होतं. जे. जे. च्या विनोदात हसू जे. जे. वरच होतं. सगळा फरक तेवढाच.

आणि सर्वांत मोठी चोरी तर कोणी बघितलीच नाही. जे. जे. चित्रकार आहे. मालिकेत दिसणारी त्याची चित्रं खरी आहेत, एर्नी बार्न्स नावाच्या काळ्या चित्रकाराची. हा बार्न्ससुद्धा आधी फुटबॉल खेळाडू, ज्या डेन्व्हर ब्रॉन्कोजनं एमॉसला हाकललं त्याच संघातून खेळलेला. त्याचं 'शुगर शॅक' हे चित्र बघा. नाचघर आहे, लांब लांब हातापायांची काळी माणसं डोळे मिटून नाचतायत, अंगातली सगळी दिवसाची हमाली गाळून टाकतायत. हे चित्र मालिकेच्या नामावलीत झळकायचं. म्हंजे विचार करा, त्या घरात असं चित्र काढणारा पोरगा आहे आणि लिहिणाऱ्यांना त्याच्या हाताचं काही सुचत नाही, टोपीचंच सुचतं. मे २०२२ मध्ये त्या चित्राची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर गेली. बार्न्स २००९ मध्येच वारला होता.

हे मी एवढं का चिवडत बसलोय? मागच्या वर्षी एका कॉलेजात मला कविता वाचायला बोलावलं होतं. मी बाबांवर, म्हंजे माझ्या हमाल बापावर लिहिलेली नवी कविता काढली, तर संयोजक कानात म्हणतात, ती शिव्यांची घ्या ना, पोरं तिची वाट बघतायत. मी घेतली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. यष्टीत बसल्यावर बापाची कविता खिशात तशीच होती. मी माझ्या 'डायनामाइट'वर टाळ्या घेऊन आलो होतो. तेव्हापासून एमॉसचं भांडण मला माझ्या घरातलं भांडण वाटतं.

आता ब्लॅक पँथर. ज्यांचं नाव बघून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच. लीअरनं २०१४ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की एक दिवस ब्लॅक पँथरचे तिघे त्याच्या ऑफिसात घुसले आणि म्हणाले, तुमची मालिका कचरा आहे. टीव्हीवर काळं कुटुंब म्हणलं की ते झोपडपट्टीतच का, बाप तीन तीन नोकऱ्या करतोच का? ही एका बाजूची साक्ष आहे हे ध्यानात घ्या. पण त्या भेटीचाही हात लागून १९७५ मध्ये 'द जेफरसन्स' आली, कपडे धुण्याची दुकानं काढून श्रीमंत झालेलं काळं जोडपं, उंच इमारतीत राहणारं. पँथरबद्दल मला आदर आहे, पण इथं मला त्यांचं पटत नाही. बाप तीन नोकऱ्या करतो हे खोटं होतं का? वसाहतीत लोक राहत नव्हते का? गरिबाला पडद्यावरून हाकलून वरच्या मजल्यावर नेलं की इज्जत आली, हा हिशोब मध्यमवर्गी आहे, मग तो बंदूक घेतलेल्या माणसानं मांडला तरी. एमॉस आणि रोल यांचा हिशोब वेगळा होता. ते म्हणत होते, आम्हाला वसाहतीतच ठेवा, पण माणसं म्हणून ठेवा. हे अवघड आहे. श्रीमंत दाखवणं सोपं आहे.

एमॉसचंही सगळं मला मान्य नाही. त्याचा जेम्स कमरेचा पट्टा काढायला फार तयार. बायकोनं काम करायचं म्हटलं की ह्याचा पुरुषपणा दुखतो. मालिका त्याला कधी टोकते, कधी पाठीशी घालते. घरात बाप असणं आणि घरावर बापाची सत्ता असणं ह्यातला फरक त्या काळी पुष्कळांना दिसला नाही, आपल्याकडंही आज कुठं दिसतो. शिवाय तो भांडायचा ते मुठी आवळून. लिहिणाऱ्यांना दमच द्यायचा. म्हातारपणी तो कबूल करायचा की मला गोड बोलून सांगता येत नव्हतं. तिसरा हंगाम संपला आणि लीअरनं फोन करून कळवलं, की पुढच्या वर्षी तू नाहीस. एस्थर रोल एकटी राहिली. एक हंगाम लढली आणि १९७७ मध्ये तीही सोडून गेली. मग पडद्यावर आई नाही, बाप नाही, पोरं एकटी आणि जे. जे. घरचा कर्ता. ज्या अहवालाला उत्तर म्हणून बाप मागितला होता त्या अहवालापेक्षाही घर मोडून ठेवलं. १९७८ मध्ये तिला अटी मान्य करून परत आणलं, तोवर मालिकेतला जीव गेला होता. ऑगस्ट १९७९ मध्ये पडदा पडला.

पण एमॉस रडत बसला नाही. जेम्सची तार आली सप्टेंबर १९७६ मध्ये, आणि चारच महिन्यांनी, २३ ते ३० जानेवारी १९७७, सलग आठ रात्री एबीसीवर 'रूट्स' आली. ॲलेक्स हेली यांच्या १९७६ च्या पुस्तकावरून. आफ्रिकेतून पकडून आणलेला कुंटा किंटे. तरुण कुंटा लेव्हार बर्टन, मोठा कुंटा जॉन एमॉस. शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला म्हणतात.

तरुण कुंटाला चाबकानं फोडून 'टोबी' हे नाव कबूल करायला लावतात, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या पुढचा एमॉस मोठा वाटतो. पळून जाताना पकडल्यावर त्याचं अर्धं पाऊल कुऱ्हाडीनं तोडतात. नंतरचं सगळं काम एमॉस लंगडत करतो. बेल नावाची बाई त्याची सेवा करते, लग्न होतं, पोरगी होते, किझी. तो पोरीला आपल्या मुलखाचे शब्द शिकवतो. आता तो पळू शकत नाही, आणि पाय तुटलाय हे त्याचं अर्धंच कारण आहे. घर झालंय. एमॉसच्या चेहऱ्यावर ते दोन्ही एकाच वेळी दिसतं, घर झाल्याचं सुख आणि घरानं बांधल्याचा डंख. मग किझी दुसऱ्याला पळायला मदत करते म्हणून मालक तिला विकतो. गाडी पोरीला घेऊन जाते आणि हा लंगडा बाप तिथंच. मोठी किझी झालीय कोण? तीच लेस्ली उगम्स, जिच्या कार्यक्रमात तो १९६९ मध्ये लेखणी घासत होता.

जेम्स आणि कुंटा, दोघंही बाप. एकाला तारेनं पोरांपासून तोडलं, दुसऱ्याची पोरगी गाडीत घालून नेली. पण बघा, कुंटाचा राग गोऱ्या अमेरिकेनं आठ रात्री मान खाली घालून पाहिला, रडली, बक्षिसं दिली. एमॉसला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं, पुरस्कार त्याच मालिकेतल्या लुई गॉसेटला गेला. दोनशे वर्षांपूर्वीचा काळा माणूस चिडलेला चालतो. १९७६ मध्ये भाडं मागायला आलेल्या माणसासमोर चिडलेला काळा माणूस चालत नाही, त्याला मोटारीखाली घालतात. मेलेल्या पीडितावर रडणं फुकट असतं. जिवंताशी वाटाघाट करावी लागते.

(हेलींच्या पुस्तकाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपण पोथी करून ठेवू. हॅरॉल्ड कोरलँडर या लेखकाच्या कादंबरीतले उतारे उचलल्याबद्दल १९७८ मध्ये साडेसहा लाख डॉलर देऊन त्यांना तडजोड करावी लागली. एमॉसचं काम त्यानं कमी होत नाही. हेलींचं होतं.)

पुढचं आयुष्य मी भराभर सांगतो कारण त्यात पोटाची कामं पुष्कळ. 'कमिंग टू अमेरिका' (१९८८) मधला बर्गरवाला छान आहे, 'डाय हार्ड २' (१९९०) मधला मेजर ठीक. 'द वेस्ट विंग'मध्ये १९९९ पासून तो सैन्याचा सर्वांत मोठा अधिकारी झाला, ॲडमिरल फिट्झवॉलेस. राष्ट्राध्यक्षाच्या खोलीत बसून शांत आवाजात बोलणारा. ह्या आवाजाच्या खाली जेम्स एव्हान्स बसलाय हे मला सारखं ऐकू यायचं. मधे त्यानं स्वतःसाठी स्वतःच एकपात्री नाटक लिहिलं, 'हॅलीज कॉमेट'. लहानपणी पाहिलेला धूमकेतू म्हातारपणी परत यायची वाट बघणारा एक म्हातारा. ते तो वर्षानुवर्षं गावोगाव करत राहिला. तिथं लिहिणाराही तोच, बोलणाराही तोच, भांडायला समोर कोणी नाही. लीअरशीही समेट झाला होता, १९९४ मध्ये त्याच्याच '७०४ हाउझर' मालिकेत काम केलं, ती थोडक्यात संपली.

एरिक मॉन्टीचं मात्र कोणी विचारत नाही. ज्याच्या वस्तीवर, ज्याच्या आठवणींवर ही मालिका उभी, त्यानं आपल्या कल्पना उचलल्या म्हणून १९७७ मध्ये टीव्ही कंपन्यांवर आणि लीअरवर दावा लावला. पैसे घेऊन मिटलं, पण मग काम मिळणं बंद झालं. म्हातारपणी तो बेघरांच्या आश्रयात राहत होता. आणि एप्रिल २०२४ मध्ये नेटफ्लिक्सनं 'गुड टाइम्स' नावाचीच नवी व्यंगचित्र मालिका काढली, त्याच कुटुंबाच्या पुढच्या पिढीची म्हणून. झलक बाहेर आली तेव्हाच काळ्या प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, पुन्हा तेच सोंग म्हणून. एमॉस तेव्हा जिवंत होता.

१८ डिसेंबर २०१९ ला एबीसीनं जुन्या 'गुड टाइम्स'चा एक भाग नव्या नटांना घेऊन थेट प्रक्षेपणात पुन्हा केला. तेच घर, तोच सोफा. जेम्स झाला होता आंद्रे ब्राउअर, हाही मोठा नट, २०२३ मध्ये गेला. दारावर टकटक होते आणि आत येतो जॉन एमॉस. ऐंशीला नऊ दिवस कमी. आपल्याच घरात तो बाप म्हणून येत नाही, मतं मागायला आलेला नगरसेवक म्हणून येतो. समोरचे प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागतात. तो भाग मी सकाळी सात वाजता पाहिला, पाळीवरून येऊन, कानात रिंगचा आवाज. त्याची मान बघत होतो. अजून ताठ होती.